'टीका करू नये' की 'हेत्वारोप करू नये'? ग्रुपच्या नियमासाठी नेमका शब्द हवा

प्रश्न :
दादरच्या आमच्या जुन्या चाळकऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कोणी आता ठाण्यात, कोणी विरारला, पण ग्रुप सगळ्यांनी टिकवलाय. निवडणुका आल्या की मात्र त्यावर वातावरण तापतं आणि दोन-चार जण ग्रुप सोडतात. ह्या वेळी ॲडमिननी नियमांचा मसुदा टाकलाय. त्यात एक नियम असा आहे : "कोणत्याही पक्षावर किंवा नेत्यावर टीका करू नये." मला 'टीका' हा शब्द खटकतोय. टीकाच करायची नसेल तर राजकारणावर बोलायचं काय? टीका, टोमणा, शेरेबाजी, निंदा, हेत्वारोप ह्यांत नियमासाठी चपखल शब्द कोणता?

उत्तर :
'टीका' काढाच. मूळ संस्कृतात टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडून दाखवणारं विवरण. शके १२१२ मधली ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे आणि तिने गीतेला कुठेही नावं ठेवलेली नाहीत. आज वर्तमानपत्रात 'टीकास्त्र', 'टीकेची झोड' वाचून वाचून टीका म्हणजे दोष काढणं एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. तो अर्थ आता रूढ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या अर्थानेसुद्धा टीकेला विषय लागतो. "आपल्या गल्लीत रस्ता काँक्रीटचा केला आणि लगेच केबलसाठी खोदला, पालिकेच्या खात्यांचा एकमेकांशी मेळ नाही" ही टीका झाली. ह्यावर दुसरा म्हणू शकतो की बाबा रे, परवानगी आधीचीच होती, हा घे कागद. म्हणजे टीका खोडून काढता येते.

टोमण्याचं तसं नाही. "काही जणांना खड्डे आत्ताच दिसायला लागलेत!" ह्यात खोडायला काही नाही, नुसतं झोंबायचं. निंदा म्हणजे माणसाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल वाईट बोलणं. शेरा हा मुळात फाइलच्या समासात किंवा प्रगतिपुस्तकात लिहायचा, चांगला किंवा वाईट. 'बाजी' लागली की तो वाईटच.

हेत्वारोप हा ह्या सगळ्यांत महत्त्वाचा. हेतू अधिक आरोप. आरोप कृतीवर असतो : अमुक पैसे खाल्ले. त्याला पुरावा मागता येतो. हेत्वारोप मनावर असतो : "तू हे बोलतोयस कारण तुला त्यांच्याकडून काहीतरी मिळतंय." समोरच्याने स्वतःच्या मनाचा पुरावा कुठून आणायचा? माझ्या पाहण्यात ग्रुप शिव्यांनी कमी आणि हेत्वारोपांनी जास्त फुटतात. शिवी दिली तर निदान माफी तरी मागता येते. 'अंधभक्त', 'चमचा', 'गुलाम' हे हेत्वारोपच आहेत, एका शब्दात आवळलेले. ह्या माणसाला स्वतःचं डोकं नाही, एवढंच त्यांतून सांगायचं असतं.

प्रश्नकर्ती :
पटलं. पण आमच्याकडे भांडणाची सुरुवात शब्दाने होत नाही, "मग आधीच्यांनी काय केलं?" ह्या प्रश्नाने होते. ह्याला काही नाव आहे का?

उत्तर :
आहे, आणि चांगलं जुनं आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत : वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे दोघांनी मिळून तत्त्व शोधायला केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. वितंडा म्हणजे स्वतःची बाजू मांडायचीच नाही, दुसऱ्याचं फक्त खोडत बसायचं. "आधीच्यांनी काय केलं?" हा प्रश्न तुलनेसाठी आकडे देऊन विचारला तर तो वादात बसतो. नुसता फेकला तर ती वितंडा. वाईट एवढंच वाटतं की मराठीत 'वाद घालणं' म्हणजेच भांडणं झालं आणि 'कृपया वाद नको' असं आपण सरळ लिहून टाकतो. त्या तिघांतला जो चांगला, त्याच्यावरच आपण बंदी घातली.

आणखी एक मत :
मला शब्दांपेक्षा सर्वनाम जास्त घातक वाटतं. मराठी 'तुम्ही' आदरार्थी एकवचनही आहे आणि अनेकवचनही. समोरासमोर बोलताना आपण माणसाकडे बघतो, त्यामुळे कळतं. लिहिताना कळत नाही. गिरगावातल्या एका ग्रुपवर एकाने मेट्रोच्या बाजूने दोन वाक्यं लिहिली. त्याच्याखाली एका ज्येष्ठ बाईंनी लिहिलं, "तुम्ही मुंबई विकायला काढलीत." त्यांच्या मनात सरकार होतं. तो मुलगा रात्रभर विचार करत राहिला आणि सकाळी त्याने लिहिलं, "काकू, मी भाड्याच्या खोलीत राहतो. मी काय विकणार?" काकूंनी लगेच फोन करून समजूत काढली म्हणून बरं. पक्षाबद्दल, सरकारबद्दल बोलायचं तर पक्षाचं, सरकारचं नाव घ्यावं. 'तुम्ही' फक्त त्या माणसासाठी ठेवावं. 'तुमचे साहेब', 'तुमची माणसं' तर नकोच.

तसंच 'आम्ही' आणि 'आपण'. "आमच्या वॉर्डात पाणी येत नाही" म्हटलं की वाचणारा बाहेरचा ठरतो, "आपल्या वॉर्डात" म्हटलं की तोही त्यात येतो. मराठीने ही सोय फुकटात दिली आहे, तिचा उपयोग करावा. आणि मुंबईतल्या ग्रुपवर 'हे लोक', 'ते लोक' कोणाला म्हटलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. कोणाच्या प्रांतावर, जातीवर, धर्मावर बोट जाणारं काहीही नको.

आणखी एक मत :
ह्यालाच जोडून. विधिमंडळात सदस्य एकमेकांना थेट बोलत नाहीत, 'अध्यक्ष महोदय' म्हणून अध्यक्षांना उद्देशून बोलतात, आणि विरोधकालाही 'सन्माननीय सदस्य' म्हणतात. असंसदीय शब्द आला तर अध्यक्ष तो कामकाजातून काढून टाकतात. तो सदस्य सभागृहातच राहतो, जातो तो फक्त शब्द. ॲडमिनने तेवढंच करावं : मेसेज काढावा, माणूस काढू नये.

प्रश्नकर्ती :
आमचे ॲडमिन घाबरलेत. कोणी काही लिहिलं तर पोलीस आपल्याला धरतील असं त्यांना वाटतं.

उत्तर :
मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की सभासदाच्या आक्षेपार्ह मेसेजला केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, त्या दोघांचा तसा समान उद्देश असल्याचं दिसलं तर गोष्ट वेगळी.

पण ह्या धाग्यासाठी मला दुसरा निकाल जास्त मोलाचा वाटतो. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका तरुणीला अटक झाली आणि ते 'लाइक' केलं म्हणून तिच्या मैत्रिणीलाही. त्यावरून खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं, कलम ६६अ रद्द केलं. त्या निकालात तीन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत : चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन्ही, मत कितीही अप्रिय असलं तरी, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या गाभ्यात येतात. निर्बंधाचा प्रश्न चिथावणीपाशी सुरू होतो. ॲडमिनना हे तीन शब्द दाखवा. त्यांच्या मसुद्यात पहिल्याच शब्दावर बंदी आहे.

प्रश्नकर्ती :
मग असं लिहिते : "धोरणावर, कामावर, भाषणावर टीका चालेल. सभासदावर हेत्वारोप चालणार नाही. चिथावणी देणारा मेसेज काढला जाईल." 'हेत्वारोप' आजींना जड जाईल का?

उत्तर :
आजींना जाणार नाही, नातवंडांना जाईल. कंसात सोपं करून टाका : "कोण का बोलतंय ते काढू नका, काय बोलतंय त्यावर बोला." आणि एक ओळ वाढवा. आपल्याकडे "खरं-खोटं माहीत नाही, आलं तसं पाठवतोय" असं लिहून काहीही पुढे ढकलतात. ह्या वाक्यावर स्वतंत्र बंदी हवी. खरं-खोटं माहीत नसेल तर पाठवू नये, पाठवलं तर ते पाठवणाऱ्याचं म्हणणं धरलं जाईल.