बूट कुठे बनला यापेक्षा कसा बनला
'परदेशात बनतो म्हणून स्वस्त, आणि स्वस्त म्हणून तकलादू' हे बुटांबद्दलचं मत मला पटत नाही. बुटाचं काम आजही बरंचसं हातानेच होतं: अप्परचे, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाचे, तुकडे शिवणं, ते फर्म्यावर (पावलाच्या आकाराच्या साच्यावर) ताणून बसवणं. मजुरीचा फरक पडतो तो तिथेच. टिकाऊपणा मात्र सोल कसा लावलाय त्यावर ठरतो. नुसता चिकटवलेला सोल, पाऊल जिथे वाकतं तिथे आधी सुटतो. गुडइयर वेल्ट या सोल शिवायच्या पद्धतीत अप्परला एक पट्टी शिवतात आणि सोल त्या पट्टीला, त्यामुळे झिजलेला सोल उसवून नवा घालता येतो. हे काम कुठल्याही देशात चोख होतं, फक्त त्याचे पैसे मोजावे लागतात.

कारखाना मायदेशी आणणंही सोपं नाही. आदिदासने जर्मनीत आन्सबाखला आणि अमेरिकेत अटलांटाजवळ यंत्रमानवांवर भर देणारे 'स्पीडफॅक्टरी' कारखाने काढले. २०१९ मध्ये ते बंद करायचं ठरवून तेच तंत्र आशियातल्या पुरवठादारांकडे नेलं. फोम, सोल, लेस बनवणारे सगळे तिथेच आसपास आहेत, हे मला मजुरीइतकंच मोठं कारण वाटतं.

देशी बुटासाठी जास्त पैसे देणार असाल तर सोल बदलून मिळतो का, ते आधी नक्की विचारा.