नदीवरच्या पाइपलाइनला गेट व्हॉल्व्ह की बटरफ्लाय?

कृष्णाकाठ: पलूस तालुक्यात चौघांची सामायिक लाइन आहे, कृष्णेवरून, आठ इंची. पंपाजवळचा गेट व्हॉल्व्ह बाद झाला. दुकानदार म्हणतो बटरफ्लाय घ्या, हलका आणि स्वस्त. माझं मत, नको. पावसाळ्यात नदी गाळ-पालापाचोळा घेऊन येते आणि बटरफ्लायची चकती पूर्ण उघडली तरी पाण्याच्या मधोमध उभीच. गेटचं पान वर गेलं की पाइप मोकळा. 1910 ला किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून पंपाच्या मुलखातली माणसं आपण, दुकानदाराचं ऐकायचं होय?

ग्लँडदोरी: बाद म्हणजे काय झालं? अर्धा उघडा ठेवत होता का?

कृष्णाकाठ: हो की. वरच्या वाट्याला पाणी कमी लागतं, तेव्हा चार-पाच फेरेच उघडायचो. मोटारही अँपिअर कमी घेते.

ग्लँडदोरी: मग दोष गेटचा नाही, तुमचा. गेट एक तर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. अर्ध्यावर ठेवला की सगळं पाणी खालच्या फटीतून सुसाट सुटतं, पान थरथरत राहतं, वर नदीची वाळू. खोलून बघा, पानाची खालची कड खाल्लेली असणार. पाणी रोज कमी-जास्त करायला ग्लोब व्हॉल्व्ह (आतलं बूच वर-खाली होणारा) चांगला, पण तो हेड, म्हणजे पाण्याचा दाब, खातो आणि आठ इंचीची किंमत ऐकून खाली बसाल. गिअरवाला, म्हणजे चाक फिरवून हळूहळू उघडझाप होणारा, बटरफ्लाय घ्या. चकती 30 ते 70 अंश उघडी असताना तो बरा ताब्यात राहतो.

मिरजेचा फिटर: गिअरवाला हे ठळक लिहा! लोखंडी पाइपात सेकंदाला 1 मीटर वेगाचं पाणी एकदम अडवलं तर साधारण 100 मीटर हेडचा जादा दणका बसतो. हँडलवाला बटरफ्लाय पोरगंसुद्धा एका झटक्यात बंद करतं. गेटला चाक फिरवून फिरवून हात भरून येतात, त्या आळसानंच किती लाइनी वाचल्यात. अर्थात लाइट गेली की हाताचा कुठलाच व्हॉल्व्ह कामाचा नाही, तिथं एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) धड पाहिजे.

कृष्णाकाठ: काल खोलला. ग्लँडदोरी म्हणतात तसंच, पानाची खालची कड करवतीगत झालीय. मान्य. पण पंपाजवळ गेटच बसवणार, पूर्ण उघडा ठेवायला. पाणी कमी करायला वरच्या फाट्यावर चार इंची बटरफ्लाय, गिअरसकट.

ग्लँडदोरी: फाट्याचं पटलं. पंपाजवळचं नाही. गेटच्या खालच्या खाचेत गाळ बसला की चाक कितीही आवळा, पान टेकत नाही.

कृष्णाकाठ: थोडा उघडायचा, धारेनं गाळ धुवून काढायचा, परत लावायचा. वडील तेच करायचे.