ड्रेसिंग रूममधला खरा नेता कसा ओळखावा?

प्रश्न: पुण्यातील आमच्या हौशी फुटबॉल संघासाठी कर्णधार निवडायचा आहे. सर्वाधिक गोल करणाऱ्यालाच दंडपट्टी द्यावी का?

उत्तर १: गोलांवरून निवड करू नये. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये फिनलंडविरुद्ध डेन्मार्कचा खेळाडू ख्रिस्टियन एरिक्सन हृदयक्रिया थांबून मैदानावर कोसळला, तेव्हा डेन्मार्कचा कर्णधार सिमोन केअर, जो बचावपटू होता, लगेच त्याच्याकडे धावला, सहकाऱ्यांचे कडे करून त्याला कॅमेऱ्यांपासून आडोसा दिला आणि मैदानात आलेल्या एरिक्सनच्या जोडीदाराला धीर दिला. सामना पुन्हा सुरू झाल्यावर मात्र मनावरील आघातामुळे केअर पूर्ण वेळ खेळू शकला नाही. माझ्या मते त्याने त्याचे नेतृत्व उणे ठरत नाही.

उत्तर २: सहमत. तरीही कठोरपणाही लागतो. १९९९ च्या चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात पिवळ्या कार्डामुळे अंतिम सामना हुकणार हे ठाऊक असूनही मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन इटलीतील तुरिनमध्ये शेवटपर्यंत झुंजला आणि त्याच्या संघाने ०-२ अशा पिछाडीवरून ३-२ असा विजय मिळवला.

उत्तर ३: आपल्या संघात पराभवानंतर राखीव खेळाडूंशी स्वतःहून कोण बोलतो आणि प्रशिक्षकांपुढे इतरांची अडचण कोण मांडतो, हे महिनाभर पाहावे.