सात दिवसांचं पारायण की रोजच्या वीस ओव्या?

ताई, इंदूरच्या मंडळाबरोबर सात दिवसांत ज्ञानेश्वरी वाचली पण डोक्यात काही राहिलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. राहणार कसं? ओव्या सुमारे ९०००, म्हणजे रोज जवळजवळ १३००! तो श्रद्धेचा नेम आहे, चालू द्या. अभ्यास वेगळा ठेवा: रोज वीस ओव्या, सव्वा वर्षात ग्रंथ होतो. सार्थ प्रत घ्या, पण आधी ओवी मोठ्याने वाचा, मग अर्थ. उलटं केलं की ओवी राहूनच जाते.

पहिल्या अध्यायापासूनच सुरुवात हवी असं नाही. सहाव्यात कुंडलिनीच्या, म्हणजे योगातल्या सुप्त शक्तीच्या, वर्णनापाशी बरेच जण अडकतात. बारावा अडीचशे ओव्यांच्या आत आहे, तो आधी घ्या. मग तेरावा, सावकाश. ज्ञानाच्या लक्षणांत पहिलंच अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणं. आणि गीतेने अर्ध्या ओळीत आटोपलेल्या अज्ञानावर माउली मात्र सविस्तर बोलतात. तिथे शेजारीपाजारी आठवू लागले, तर वाचन घसरलं समजा.

मुलांनाही सोबत वाचायला बसवलंत तर एक लक्षात ठेवा: हिंदी शाळेतली मुलं 'ज्ञान'चं 'ग्यान' करतात. दर ओवीला टोकू नका. आपण म्हणा, त्यांना मागून म्हणू द्या. चौथा चरण आखूड असतो, तिथे श्वास घ्यायला शिकवा.