एटीआरवरून ७६ आसनी जेटवर: तासाचा दर किती वाढवून मागायचा?

उजळाईवाडी_एफओ
मंडळी, प्रस्ताव असा आहे: एटीआर ७२-६०० (पंख्याचं टर्बोप्रॉप विमान) सोडून ई१७५ या ७६ आसनी जेटवर पायलट म्हणून गेलं तर उड्डाणाच्या तासाचा दर १५ टक्के जास्त, महिन्याला ७० तासांची गॅरंटी (कमी उडालो तरी तेवढ्यांचे पैसे) तशीच. रोस्टरमध्ये कोल्हापूर–हैदराबाद जास्त, थोडं मुंबई. १५ टक्क्यांवर सही करावी की अजून ताणावं?

रंकाळा_डेल्टा
टक्के नको बघू भावा, महिन्याचे ब्लॉक तास बघ, म्हणजे विमान पार्किंगवरून निघून पुन्हा पार्किंगला लागेपर्यंतचे, ज्यांचे पैसे मिळतात ते. जेट लवकर पोचतं आणि तेवढंच तुझं मीटर लवकर बंद होतं.

धर, हैदराबादचा सेक्टर (एका बाजूचं उड्डाण) एटीआरवर ८० मिनिटं आणि जेटवर ६५. महिन्याला ६० सेक्टर केले तर एटीआरवर ८० तास भरतात, म्हणजे गॅरंटीच्या वर १० तास. जेटवर भरतात ६५, म्हणून हातात गॅरंटीचे ७० च. ७० ला १.१५ ने गुण, जुन्या दराच्या ८०.५ तासांइतके येतात. वाढ झाली अर्ध्या तासाची! आणि एटीआरवर ओव्हरटाइमचा दर मूळ दरापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त चढा असेल तर तोटाच.

मुंबईला फरक कमी पडतो. १०,००० फुटांखाली २५० नॉट्सची मर्यादा, त्यात व्हेक्टरिंग (कंट्रोलर वळवून नेतो) आणि होल्डिंग (हवेत घिरट्या). जेटचा वेग दाखवायला जागाच उरत नाही.

करवीर_कॅप्टन
हिशोब बरोबर, पण त्यात जबाबदारी कुठंच आली नाही. एटीआरचं कमाल टेकऑफ वजन २३ टन, ई१७५ चं प्रकारानुसार साधारण ३७ ते ४० टन. दर वजनाशी बांधून घ्या. आसनांशी बांधलात तर फसाल, कारण एटीआरमध्ये ७८ आसनं बसतात आणि तुमच्या जेटमध्ये ७६. कागदावर एटीआरच मोठं विमान ठरायचं!

अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या पायलट करारांतच रीजनल विमानांवर ७६ आसनं आणि ८६,००० पौंड अशी दुहेरी मर्यादा असते. ई१७५-ई२ त्या वजनात बसत नाही, म्हणून तिथल्या रीजनल कंपन्यांत ते दिसत नाही.

रंकाळा_डेल्टा
वजनाचं पटलं सर. तरी कंपनी वजनावर दर देईल असं वाटत नाही. त्यापेक्षा गॅरंटी ७० ची ७५ मागणं सोपं. १५ टक्के धरून तेच जुन्या दराच्या ८६ तासांच्या वर जातं.

पंचगंगा_०७
दरापेक्षा मसुद्यातले शब्द जास्त पैसे खातात. एवढं लेखी घ्या:

ब्लॉक म्हणजे चॉक्स (चाकांखालच्या अडण्या) काढल्यापासून लावेपर्यंत, आणि नियोजित व प्रत्यक्ष यांतला जो जास्त तो. "प्रत्यक्ष" एवढंच लिहिलं तर मागून वारा मिळाला की तुमचे पैसे कापले.

टाइप रेटिंगच्या (नव्या विमानाच्या परवान्याच्या ट्रेनिंगच्या) काळात, म्हणजे ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर आणि लाइन रिलीज (नेहमीच्या उड्डाणांना मोकळं) होईपर्यंत, रोस्टरचे नेहमीचे तास भरत नाहीत. त्या महिन्यांची गॅरंटी कोणत्या दराने, ते स्पष्ट हवं. इथंच जास्त जण अडकतात.

डेडहेडचे (ड्यूटीसाठी प्रवासी म्हणून केलेल्या उड्डाणांचे) तास गॅरंटीत मोजणार की वेगळे, तेही विचारा. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेल्यावर ओव्हरटाइमला जागा तशीही कमी झालीय.

बाँडची रक्कम (ट्रेनिंगनंतर मुदतीआधी कंपनी सोडली तर भरायची) दर महिन्याला उतरती हवी. डीजीसीएच्या (विमान वाहतूक नियामकाच्या) नियमानुसार नोकरी सोडायची नोटीस को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष आहेच. बाँड संपायची तारीख नोटिशीच्या पहिल्या दिवसाला लागू की शेवटच्या, हे एक वाक्य घातल्याशिवाय सही करू नका.