पुढचं पुस्तक कसं ठरवता? (अनुभव धागा)

पणजी

एक पुस्तक संपतं आणि दुसरं हातात यायचं असतं, त्या मधल्या दिवसांबद्दल मला तुमच्याकडून ऐकायचंय. पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी नेहमी जाते. कादंबऱ्यांच्या कपाटापाशी ठरलेले चेहरे, इतिहास-चरित्राच्या कपाटापाशी ठरलेले चेहरे. इकडचे म्हणतात, माहितीची पुस्तकं रूक्ष. तिकडचे म्हणतात, गोष्टी वाचायला वेळ कुठाय? १८३२ साली सुरू झालेलं ग्रंथालय आपल्या हाताशी आहे आणि आपण त्यातल्या एका कपाटापुढे जात नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

मी स्वतः यादीवरून वाचत नाही. वाचून झालेलं पुस्तक काहीतरी अर्धवट सोडून जातं, ते जिथे पुरं होईल तिथे मी जाते. मग ते कपाट कुठलंही असो. धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' मी असंच उचललं. सांकवाळचा, १८७६ साली जन्मलेला माणूस, बुद्धाचा धर्म शिकायचा म्हणून घरदार मागे ठेवून निघतो. नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश करत शेवटी अमेरिकेत हार्वर्डपर्यंत पोचतो. १९२४ चं हे आत्मकथन कादंबरी वाचावी तसं मी वाचून काढलं. पण संपल्यावर मनात राहिलं ते त्याचं गाव. ज्या गावातून हा माणूस निघाला, ते कसं चालायचं? जमीन कोणाची, निर्णय कोणाचे? उत्तर सापडलं त्यांच्याच मुलाकडे. दामोदर कोसंबी गणिती, पण 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या १९६२ च्या पुस्तकात त्यांनी गोव्याच्या जुन्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखातल्या, गावकरीवर एक आख्खं प्रकरण लिहिलंय. जमीन गावाची सामायिक, ती लिलावाने कसायला द्यायची, खर्च वजा जाता उरेल त्यात गावकऱ्यांचा वाटा. वडिलांनी सोडलेलं गाव मुलाने असं उलगडून दाखवलं.

आता मला याच गावगाड्यावरची कथा-कादंबरी हवी आहे. कोणाला आठवत असेल तर जरूर सांगा. आणि तुम्ही कसं ठरवता, तेही लिहा. थोडक्यात नको, ऐसपैस लिहा.

वाळपई

ताई, विषय छान काढलात. माझं वाचन महिन्या-महिन्यावर चालतं. गणेश चवथीच्या आधी आम्ही माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान आणायला रानात जातो. आंबाडे, तोरिंगणं, कवंडळं, सुपारीचं शिपटं, आणि मग नातवंडं बोट दाखवून विचारतात, हे काय, ते काय. निम्म्या वस्तूंची नावं मला येतात, पण झाड कधी फुलतं, कोण पक्षी त्यावर येतो, हे सांगता येत नाही. म्हणून दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' आणलं. १९५६ चं पुस्तक. बारा महिन्यांवर ललित लेख, एकेका महिन्याचा रंग, वास, झाडं. मी ते सलग वाचत नाही. श्रावण आला की श्रावण, भाद्रपद आला की भाद्रपद. पुढचं काय वाचायचं हा प्रश्न त्यामुळे वर्षभर निम्मा तरी सुटलेला असतो.

उरलेला निम्मा आमच्या सत्तरी तालुक्यानेच सोडवला. महादेवशास्त्री जोशी आंबेड्याचे, म्हणजे शेजारचेच. शाळेत असताना त्यांच्या कथा वाचल्या होत्या. देवळं, भटजी, कुळागरं, घरातल्या बायका, सगळं ओळखीचं. मोठेपणी 'आत्मपुराण' वाचलं तेव्हा त्या कथांखालची जमीन दिसली. त्यातून त्यांच्या पत्नी सुधाताईंकडे वळलो. १९५५ साली म्हापशात सत्याग्रहात पुढे झालेली आणि पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेलेली बाई. आणि हेच शास्त्रीबुवा 'भारतीय संस्कृतिकोशा'चे दहा खंड उभे करतात! आता कोश काही कोणी वाचायला घेत नाही, पण मी घेतो. एक नोंद बघायला खंड उघडायचा आणि तिथून दुसऱ्या नोंदीवर जायचं. जेवणाची हाक आली की मिटायचा.

डिचोली

वाळपईच्या काकांसारखं निवांत वाचन माझं नाही. माझं वाचन अडचणीतून आलं, ते लिहितो.

माझे वडील खनिजाच्या ट्रकवर होते. २०१२ च्या सप्टेंबरात बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल संसदेत आला आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या. आमच्या वाड्यावर ट्रक ताडपत्री घालून ओळीने उभे राहिले. घरात रोज भांडणं. कोण म्हणे पर्यावरणवाल्यांनी वाटोळं केलं, कोण म्हणे खाणवाल्यांनी. मी तेव्हा कॉलेजात होतो. एका सरांनी पुंडलीक नायक यांची 'अच्छेव' हातात ठेवली. कोकणी कादंबरी, देवनागरीत, वाचायला काही अडलं नाही. ती १९७७ ची आहे, हे कळल्यावर मी गप्पच झालो. शेती सोडून खाणीच्या मजुरीला लागलेलं कुटुंब, मोडत गेलेलं घर, मोडत गेलेला गाव. आमच्या स्वयंपाकघरात चाललेलं भांडण कोणीतरी मी जन्मायच्या कितीतरी आधी लिहून ठेवलं होतं.

कादंबरीने मला माणसं दाखवली, पण परवाना कोण देतं, हद्द कोण मोजतं, पैसा कुठे जातो, हे कळेना. म्हणून मूळ अहवाल उघडला. इंग्रजी, जाडजूड, कोष्टकांनी भरलेला. अशा अहवालाची एक रीत मला सापडली, ती कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पहिल्या पानापासून सुरुवात करायची नाही. आधी निष्कर्ष वाचायचे, मग आपल्या तालुक्याचं कोष्टक शोधायचं. ओळखीच्या गावाचं नाव दिसलं की आकडे वाचता येतात. त्यानंतर मागची प्रकरणं आपसूक उघडली जातात. पुढे २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ८८ खाण-लिजांचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा निकालपत्रही मी याच रीतीने वाचलं.

त्याच्यानंतर मात्र मला पुन्हा गोष्टच हवी होती. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' घेतली, १९९१ ची, धरणग्रस्तांवरची. खाण नव्हे, धरण. गोवा नव्हे, महाराष्ट्र. पण पुनर्वसनाच्या कागदासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणारी माणसं तीच. अहवाल वाचून आलो होतो म्हणून त्या कागदांचं वजन मला कळत होतं.

मडगाव

मी अजून शिकतेय. खरं सांगायचं तर माझं पुढचं पुस्तक बहुतेक वेळा रील बघून ठरतं आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही. एका मुलीने जयंत विष्णू नारळीकरांच्या विज्ञानकथांबद्दल सांगितलं, मी 'यक्षांची देणगी' वाचलं. त्यांनी पहिली कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप अशा टोपणनावाने पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून. आधीच प्रसिद्ध असलेला शास्त्रज्ञ, पण नावावर बक्षीस नको म्हणून. मला ते फार आवडलं. कृष्णविवरावरची कथा वाचून खरं कृष्णविवर काय असतं ते हवं होतं, तर त्यांचंच 'आकाशाशी जडले नाते' मिळालं. एकाच लेखकाची गोष्ट आणि माहिती दोन्ही असली की एकीकडून दुसरीकडे जायला भीती वाटत नाही. फोंड्याच्या बाई, तुम्ही नेहमी रेटिंगवर चिडता, यावर लिहा ना!

फोंडा

चिडत नाही ग, काळजी वाटते. तारे देणाऱ्याला पुस्तक आवडलं एवढंच त्यातून कळतं. का आवडलं ते नाही. तू त्या मुलीचं म्हणणं ऐकून पुस्तक घेतलंस, ते उत्तमच केलंस. माणसाने सांगितलेलं पुस्तक केव्हाही चांगलं.

मी शाळेत इतिहास शिकवला. माहितीचं पुस्तक घ्यायचं की नाही हे मी मागच्या पानांवरून ठरवते. संदर्भसूची आहे का? सूची असेल तर त्यात मूळ कागदपत्रं आहेत की इतरांच्या पुस्तकांवरूनच पुस्तक झालंय? शेवटी नामसूची आहे का? मग मधलं एखादं पान उघडून बघायचं, लेखक 'असे दिसते' कुठे म्हणतो आणि 'असे होते' कुठे म्हणतो. जो हा फरक पाळतो, त्याचं पुस्तक मी घरी नेते. कादंबरीला ही परीक्षा लावायची नाही. तिथे मी मधलं पान उघडते आणि दोन माणसांचं बोलणं वाचते. दोघंही एकाच आवाजात बोलत असतील तर ठेवून देते.

ऐतिहासिक कादंबरीचं काय, असं मला मुलं नेहमी विचारायची. माझा क्रम ठरलेला: आधी कादंबरी, मग इतिहास. विश्वास पाटलांचं 'पानिपत' वाचून मुलं भारावून यायची. त्यांना मी लगेच त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' द्यायची. शेजवलकर घटना तपासतात, कोणाचं काय चुकलं याचा हिशेब मांडतात, नेत्यांनाही सोडत नाहीत. कादंबरीने भाऊसाहेबांवर जीव जडलेला असतो, म्हणून तो हिशेब वाचायचा धीर येतो. काहींचं मत उलटं असतं, की आधी खरं वाचावं आणि मग कल्पित. मला ते पटत नाही. गोडी लागल्यावर माणूस तळटीपासुद्धा वाचतो.

बोरी

कविता कुठे बसते या सगळ्यात? ती कल्पितही नाही आणि माहितीही नाही. फोंडा-मडगाव कदंबने रोज जातो, बोरीचा पूल ओलांडतो. बाकीबाब बोरकर याच गावचे, १९१० सालचा जन्म. दोन जाड पुस्तकांच्या मध्ये त्यांचा एखादा संग्रह ठेवतो. बसमध्ये एक कविता वाचून होते, आणि घरी जाऊन कुठलं पुस्तक उघडायचं ते उतरेपर्यंत ठरलेलं असतं. एवढंच.

बांबोळी

मी नर्स आहे. रात्रपाळीत पाच मिनिटं मिळतील की अर्धा तास हे सांगता येत नाही, म्हणून पुस्तक निवडताना माझा पहिला विचार असतो, हे मध्येच मिटता येईल का? कादंबरी त्यात बसत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' बसतं. प्रसंगाप्रसंगाने सांगितलेलं, कुठूनही धरा, आणि केवढी हसवणारी बाई! नवरा ना. वा. टिळकांच्या लहरी, घरातले तंटे, ताटातूट. तरीही कुठे रडगाणं नाही. पहाटे चारला कंटाळ्याने डोळे मिटत असताना मी ते वाचून हसलेय.

पण एकदा वॉर्डात एक लहान मूल गेलं. त्यानंतर बरेच दिवस मला कुठलीच गोष्ट वाचवेना. गोष्टीत माणसं असतात, आणि माणसांचं काहीतरी होणारच याची धास्ती. तेव्हा एका सहकारणीने चितमपल्लींचं 'पक्षी जाय दिगंतरा' दिलं. पाणवठे, घरटी, पक्ष्यांच्या सवयी. त्यात कोणाचं काय होणार याची वाट बघायची नव्हती, पान उलटत राहायचं. सुट्टीच्या दिवशी रायबंदरहून फेरीने चोडणला गेले, तिथल्या सलीम अली अभयारण्यात खारफुटीतून खंड्या बघितला आणि पुस्तकातलं त्याचं बसणं डोळ्यासमोर आलं. कथा पुन्हा वाचायला लागले ती त्यानंतर. ज्यांचं वाचन एखाद्या दुःखाने थांबलंय, त्यांनी निसर्गावरचं पुस्तक घेऊन बघावं, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

म्हापसा

मी नवीन शोधत नाही. आवडलेलं परत वाचतो. बनगरवाडी, स्मृतिचित्रे, पुन्हा बनगरवाडी. शुक्रवारच्या बाजारात गेलो की रद्दीवाल्याकडे नजर टाकतो, पण घरी येऊन जुनंच उघडतो. समाधानी आहे.

पर्वरी

दिवाळी अंकांचं नाव अजून कोणी कसं काढलं नाही? माझी वर्षभराची यादी त्यातूनच निघते. एका अंकात कथा असते, रिपोर्ताज असतो, कविता असते, एखादा दीर्घ वैचारिक लेख असतो. आवडलेल्या लेखकासमोर पेन्सिलीने खूण करायची आणि मग त्याची पुस्तकं मिळवायची. नेहमी कथाच वाचणारी माझी बायको एका रिपोर्ताजमुळे अनिल अवचटांकडे वळली आणि 'माणसं' वाचून हमालांशी, मजुरांशी थांबून बोलायला लागली. १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढणारे का. र. मित्र मूळ आजगावकर, म्हणजे आपल्या पेडण्याच्या पलीकडचेच. कथा आणि विचार एका वेष्टनात द्यायची ही चाल शंभरावर वर्षं टिकली आहे. एवढंच सांगतो की अंक विकत घ्या. वाचनालयात एकाच प्रतीवर सगळ्यांच्या उड्या पडतात.

डिचोली

फोंड्याच्या बाई, शेजवलकर आणले. मागची सूची आधी वाचली, तुम्ही सांगितलंत तशी. पहिली दोन प्रकरणं जड गेली, आता वेग आलाय. पणजीच्या ताईंना एक सुचवतो. गावगाड्यावरची कादंबरी हवी आहे ना? बाकीबाब बोरकरांची 'भावीण' बघा. देवळाच्या आधाराने जगणारा गाव त्यात आहे.

वाळपई

बरोबर सांगितलंस बाबा. आणि ती झाली की शास्त्रीबुवांच्या कथा घ्या ताई. 'वेलविस्तार' माझ्याकडे आहे, पुढच्या आठवड्यात पणजीला येणार आहे तेव्हा घेऊन येतो. कोसंबींचं ते प्रकरण मला झेरॉक्स करून ठेवा.