शब्दचर्चा : अमेरिकेतील हक्कांचा ‘ऱ्हास’, ‘संकोच’ की ‘हिरावणूक’?

प्रश्न

अमेरिकेतील स्त्रिया, कृष्णवर्णीय नागरिक आणि इतर अल्पसंख्य समूह यांच्या हक्कांबाबत गेल्या दहा-बारा वर्षांत जे घडले, त्यावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहीत आहे. मराठी वृत्तपत्रांत या संदर्भात ऱ्हास, झीज, धूप, संकोच, गळचेपी, पायमल्ली असे शब्द आलटूनपालटून वापरलेले दिसतात. ते समानार्थी मानावेत का? निदान २०२२ चा गर्भपातविषयक निकाल आणि २०१३ चा मताधिकारविषयक निकाल या दोहोंना एकच शब्द चालेल का? जाणकारांनी कृपया सोदाहरण सांगावे.

प्रतिसाद १

एकच शब्द चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. झिजणे आणि धुपणे या क्रियांना कर्ता लागत नाही. पायरीचा दगड झिजतो, बांधाची माती धुपते, आणि त्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही. अमेरिकेत मात्र प्रत्येक वेळी निर्णय कोणी घेतला, कोणत्या दिवशी घेतला आणि किती मतांनी घेतला, हे सारे नोंदलेले आहे. ‘हक्कांचा ऱ्हास झाला’ असे लिहिले की ही नोंद वाक्यातून गळून पडते, आणि वाचकाला वाटते की काळाच्या ओघात हे आपोआप घडत गेले.

आधी गर्भपाताचा निकाल घेऊ. मिसिसिपी राज्याने पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातास मनाई करणारा कायदा केला होता. त्यावरील ‘डॉब्स’ खटल्यात २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ आणि १९९२ चा ‘केसी’ हे दोन्ही निकाल मोडीत काढले. गर्भपाताचा हक्क राज्यघटना देतच नाही, असे न्या. सॅम्युअल अलिटो यांनी बहुमताच्या निकालपत्रात लिहिले. जवळजवळ पन्नास वर्षे जो हक्क घटनात्मक मानला जात होता, तो त्या दिवसापासून तसा राहिला नाही. याला ‘संकोच’ म्हणणे अपुरे आहे. आपल्याकडे ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच’ असे आपण म्हणतो, तेव्हा स्वातंत्र्य शिल्लक आहे पण त्याची कक्षा आकसली आहे, एवढाच अर्थ असतो. तो शब्द १९९२ च्या ‘केसी’ निकालाला नेमका लागू पडतो, कारण त्या निकालाने हक्काचा गाभा राखला आणि २४ तासांची सक्तीची प्रतीक्षा, अल्पवयीन मुलींसाठी पालकांची संमती अशा अटी घालण्यास राज्यांना मोकळीक दिली. १९७६ च्या ‘हाइड’ दुरुस्तीने गरिबांच्या मेडिकेड योजनेतील केंद्राचा पैसा गर्भपातासाठी वापरण्यावर जवळपास पूर्ण बंदी आणली. तेथे हक्क कागदावर अबाधित होता, पण पैसा नसलेल्या स्त्रीच्या आवाक्याबाहेर गेला होता. अशा वेळी ‘हक्क दुरापास्त केला’ असे म्हणता येईल. २०२२ साठी मात्र ‘हिरावून घेतला’ हेच क्रियापद योग्य आहे, आणि त्याचा कर्ता वाक्यात आलाच पाहिजे.

येथे एक सावधगिरी बाळगावी. त्या सुमारास ‘अमेरिकेत गर्भपातावर बंदी’ असे मथळे वाचल्याचे अनेकांना आठवत असेल. न्यायालयाने देशभर बंदी घातली नाही. बंदी घालावी की नाही, हे ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे सोपवला. ‘रो’ रद्द होताच लागू व्हावेत असे कायदे तेरा राज्यांनी आधीच करून ठेवले होते. उलट कॅन्ससमध्ये २ ऑगस्ट २०२२ रोजी झालेल्या सार्वमतात मतदारांनी त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेतील गर्भपाताच्या हक्काचे संरक्षण काढून टाकण्याचा प्रस्ताव फेटाळला. म्हणून ‘घटनात्मक संरक्षण काढून घेतले’ असे लिहावे आणि बंदी असल्यास ती कोणत्या राज्याची, हे पुढच्या वाक्यात सांगावे.

‘परवानगी’ या शब्दाबाबतही तेच म्हणेन. आपला १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा ठरावीक अटी पूर्ण झाल्यास डॉक्टरला गर्भपात करण्याची मुभा देतो. त्यामुळे ‘गर्भपाताला परवानगी’ ही शब्दयोजना आपल्या सवयीची झाली आहे. अमेरिकेत स्त्रियांनी गमावली ती परवानगी नसून सरकारविरुद्ध न्यायालयात दाद मागता येईल असा हक्क होता. ‘परवानगी रद्द’ असे लिहिल्याने त्या नुकसानीचे मोल कमी होते.

आता २०१३ कडे वळू. १९६५ च्या मताधिकार कायद्यानुसार, वंशभेदाचा इतिहास असलेल्या राज्यांना आणि काउंट्यांना (जिल्ह्यांसारख्या विभागांना) मतदानाच्या नियमांत बदल करण्यापूर्वी केंद्राची पूर्वमंजुरी घ्यावी लागे. कोणती राज्ये या तरतुदीखाली येतात हे ठरवणारे सूत्र २५ जून २०१३ रोजी ‘शेल्बी काउंटी’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरले. पूर्वमंजुरीचे कलम पुस्तकात तसेच राहिले, पण ते लागू करायला राज्यच उरले नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की याच कायद्याची मुदत अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, २००६ मध्ये पंचवीस वर्षांनी वाढवली होती, आणि सिनेटमध्ये त्या प्रस्तावाविरुद्ध एकही मत पडले नव्हते. निकाल लागला त्याच दिवशी टेक्सासने मतदार ओळखपत्राचा अडवून ठेवलेला कायदा लागू करण्याची घोषणा केली. नॉर्थ कॅरोलिनाने काही आठवड्यांतच मुदतपूर्व मतदानाचे दिवस कमी करणारा आणि ओळखपत्राची कडक अट घालणारा कायदा केला. तो कृष्णवर्णीय मतदारांना ‘जवळजवळ शस्त्रक्रियेच्या अचूकतेने’ लक्ष्य करतो, असे म्हणत अपील न्यायालयाने २०१६ मध्ये तो रद्द केला. यातील मतदानाचा हक्क पंधराव्या घटनादुरुस्तीत आजही आहे; गेले ते त्याचे राखण. त्यामुळे येथे ‘हिरावला’ म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. मी ‘कायद्याचे खच्चीकरण’ असे लिहीन.

प्रतिसाद २

वरील विवेचन मान्य आहे. दोन ठिकाणी मात्र मतभेद आहे.

‘खच्चीकरण’ हा शब्द माहिती अधिकार कायद्यासंदर्भात आपल्या वृत्तपत्रांत रुळला आहे हे खरे. पण त्याचे मूळ बैल खच्ची करण्यात आहे, आणि बळ म्हणजे पौरुष हे गृहीतक त्यात दडलेले आहे. स्त्रियांच्या हक्कांवरील लेखात तो शब्द मला खटकतो. ‘पोखरणे’ हे क्रियापद अधिक नेमके आहे. बाहेरून कायदा शाबूत दिसतो, आतून पोकळ झालेला असतो, आणि पोखरणाराही कोणीतरी असतो. २०२१ च्या ‘ब्रनोविच’ निकालाने १९६५ च्या मताधिकार कायद्याच्या दुसऱ्या कलमाचा आधार घेऊन दाद मागणे अवघड केले, त्यालाही हेच क्रियापद लागू पडते.

दुसरे असे की ‘ऱ्हास’ पूर्णपणे टाकून देऊ नये. १९७६, १९९२, २०१३, २०२१, २०२२ ही साखळी सलग पाहिली, तर एकेका निकालाच्या नावाने तिचे वर्णन करता येत नाही. शेजारच्या राज्यात जाण्यासाठी रजा आणि प्रवासखर्च नसलेल्या स्त्रीला किंवा मतदान केंद्र दूर गेल्यामुळे मतदान करू न शकलेल्या वृद्धाला जे भोगावे लागते, ते या साऱ्याच्या बेरजेचे फळ असते. ती बेरीज दाखवण्यासाठी एखाद्या व्यापक शब्दाची गरज आहेच.

प्रतिसाद १ कडून

‘पोखरणे’ मी आनंदाने स्वीकारतो. ‘ऱ्हास’ शीर्षकात किंवा समारोपात येण्यास माझी हरकत नाही. मात्र त्या आधी प्रत्येक घटनेचे क्रियापद आणि कर्ता वाचकासमोर आलेला असावा. कर्ता नेहमी न्यायालयच असेल असे नाही. सरकारी कंत्राटदारांना वंश, लिंग वा धर्म पाहून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करणारा १९६५ चा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा आदेश २१ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मागे घेतला. तेथे ‘आदेश मागे घेतला’ हे साधे वाक्य पुरते, कारण नोकरीतील अशा भेदभावास मनाई करणारा नागरी हक्क कायदा अजून लागू आहे.

प्रश्नकर्तीची पुरवणी

मनःपूर्वक आभार. आणखी दोन शंका आहेत. ‘अल्पसंख्य’ हा शब्द अमेरिकेच्या संदर्भात बरोबर आहे का? आणि काही जण गर्भपाताऐवजी ‘भ्रूणहत्या’ लिहितात, ते चालेल का?

प्रतिसाद ३

‘भ्रूणहत्या’ वापरू नये. महाराष्ट्रात हा शब्द गर्भलिंगनिदान करून मुलींचे गर्भ नष्ट करण्याच्या गुन्ह्याशी जोडला गेला आहे, आणि त्याविरुद्ध येथील स्त्री-चळवळीने मोठा लढा दिला आहे. तोच शब्द अमेरिकेतील वादात आणल्यास लेखकाने एका पक्षाच्या बाजूने निवाडा देऊन टाकला, असा अर्थ होतो.

‘अल्पसंख्याक’ म्हटले की आपल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध, जैन असे धार्मिक समाज येतात. अमेरिकेतील चर्चेत तो शब्द मुख्यतः वंशाशी निगडित असल्यामुळे पहिल्या उल्लेखात ‘वांशिक अल्पसंख्य’ असे लिहून पुढे शक्य तेथे कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी, आशियाई असे समूहाचे नावच द्यावे. आणि ‘स्त्रिया व इतर अल्पसंख्य’ अशी रचना लेखात येऊ देऊ नये. स्त्रिया तेथील लोकसंख्येत निम्म्याहून अधिक आहेत.

या शब्दाच्या कक्षेत अमेरिकेतील मराठी माणूसही येतो, हे लेखात यावे असे मला कळकळीने वाटते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस ‘गोरा’ नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, आणि त्यानंतर अनेक भारतीयांना मिळालेले नागरिकत्व सरकारने काढून घेतले. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्या नागरिकत्वावरही गदा आली. ते न्यायालयात लढले आणि ते टिकवण्यात यशस्वी झाले. अलीकडचे उदाहरण २० जानेवारी २०२५ च्या आदेशाचे आहे. आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला नागरिक मानू नये, असे तो आदेश सांगतो. एच-१बी व्हिसावर असलेल्या कित्येक मराठी कुटुंबांना तो थेट लागू होणारा होता. २०२५ मध्ये अनेक संघीय न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली. त्या टप्प्याबद्दल लिहिताना ‘हक्क गेला’ म्हणू नये. ‘हक्कावर गदा आणण्याचा प्रयत्न झाला’ असे म्हणावे.

या हक्काला काही जण ‘जन्मसिद्ध नागरिकत्व’ म्हणतात. टिळकांच्या घोषणेमुळे ‘जन्मसिद्ध’ या शब्दातून मराठी कानाला असे काही ऐकू येते की जे कोणी दिलेले नाही आणि कोणाला काढून घेता येणार नाही. अमेरिकेतील हा हक्क मात्र १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या पहिल्या वाक्यावर उभा आहे, आणि सारा वाद त्या वाक्याचा अर्थ कसा लावायचा याचाच आहे. म्हणून लेखात मी ‘जन्माधारित नागरिकत्व’ असे लिहीन.